व्हिडिओ संपादनासाठी कार्ड: गेमिंगचे की वर्कस्टेशनचे?

ग्राफिक्स कार्डे बाजारात दोन नावांनी विकली जातात. एनव्हिडियाची जीफोर्स आणि एएमडीची रेडिऑन ही गेमिंगची कार्डे. एनव्हिडियाची आरटीएक्स प्रो (पूर्वीची क्वाड्रो) आणि एएमडीची रेडिऑन प्रो ही वर्कस्टेशनची. आतली चिप मात्र पुष्कळदा एकच असते. २०२२ मध्ये आलेले जीफोर्स आरटीएक्स ४०९० आणि त्याच पिढीतले आरटीएक्स ६००० एडा ही दोन्ही एडी१०२ या एकाच चिपवर बेतलेली आहेत. तरीही अमेरिकेत पहिल्याची जाहीर किंमत १,५९९ डॉलर होती, तर दुसरे सुमारे ६,८०० डॉलरला विकले जात होते.

चौपट किमतीत चौपट वेग मिळत नाही. ६००० एडामध्ये गणन करणारे कोअर १८,१७६ आहेत, ४०९० मध्ये १६,३८४. मेमरीच्या वेगात तर गेमिंगचे कार्डच किंचित पुढे आहे. खरा फरक आहे तो मेमरीच्या आकारात आणि विजेच्या खर्चात. ४०९० मध्ये २४ जीबी, ६००० एडामध्ये ४८ जीबी. पहिले ४५० वॉटपर्यंत वीज घेते, दुसरे ३०० वॉटमध्ये भागवते. शिवाय वर्कस्टेशनचे कार्ड सहसा आकाराने आटोपशीर असते आणि गरम हवा थेट पेटीबाहेर टाकते. त्यामुळे एकाच संगणकात अशी दोन-तीन कार्डे शेजारी शेजारी बसवता येतात.

संपादनात ग्राफिक्स कार्डाकडे तीन कामे येतात: कॅमेऱ्याचे दाबून साठवलेले फुटेज उलगडणे, रंग व इफेक्ट यांचे गणित करणे आणि तयार व्हिडिओ पुन्हा दाबून फाइल बनवणे. नुसते तुकडे कापणे-जोडणे, आवाज बसवणे, शीर्षके टाकणे यांचा भार मुख्यतः प्रोसेसर आणि डिस्कवर असतो.

पहिल्या आणि तिसऱ्या कामासाठी चिपमध्ये वेगळे मंडल असते आणि ते कार्डाच्या वर्गापेक्षा पिढीवर अवलंबून असते. आजचे अनेक कॅमेरे १०-बिट ४:२:२ पद्धतीने चित्रण करतात. एनव्हिडियाच्या कार्डांत हे फुटेज उलगडण्याची सोय २०२५ च्या ब्लॅकवेल पिढीत आली. त्याआधीच्या महागड्या वर्कस्टेशन कार्डावरही असे फुटेज टाइमलाइनवर अडखळू शकते. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतले अंगभूत ग्राफिक्स एचईव्हीसी स्वरूपातले ४:२:२ फुटेज सहज चालवते. म्हणून खरेदीपूर्वी पहिला प्रश्न कॅमेरा कोणत्या स्वरूपात चित्रण करतो हा असावा.

दुसऱ्या कामात मेमरी महत्त्वाची ठरते. दाविंची रिझॉल्व्हसारखे सॉफ्टवेअर रंगांचे गणित ३२-बिट अचूकतेने करते. एका ४के फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. लाल, हिरवा, निळा व पारदर्शकता या चार आकड्यांचे मिळून प्रत्येकी १६ बाइट धरले, तर एकच फ्रेम सुमारे १३३ एमबी होते. ८केची फ्रेम ५३० एमबीवर जाते. नॉइज रिडक्शनला मागच्यापुढच्या अनेक फ्रेम एकदम लागतात आणि प्रत्येक इफेक्ट आपली प्रत ठेवतो. मेमरी पुरली नाही, तर काम मंदावते किंवा रेंडर मधेच थांबतो. लग्नाचे चित्रण, मुलाखती, यूट्यूबचे ४के व्हिडिओ यांना १२ ते १६ जीबी पुरतात. ८के रॉ फुटेज, थरावर थर चढवलेले कंपोझिटिंग किंवा सोबतीला त्रिमितीय दृश्ये असली, तर मात्र ३२ किंवा ४८ जीबीची गरज खरी असते.

वर्कस्टेशन कार्डाची शिफारस करण्यामागची काही जुनी कारणे आता उरलेली नाहीत. २०१० मध्ये प्रीमिअर प्रो सीएस५ आले तेव्हा कार्डावरचा वेगवान प्लेबॅक मोजक्या प्रमाणित कार्डांवरच चालत असे आणि त्यांत क्वाड्रोचाच भरणा होता. पुढे ही अट गेली. १०-बिट रंग, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १,०२४ छटा, संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून पडद्यावर पाहण्यासाठीही क्वाड्रो लागे. २०१९ मध्ये एनव्हिडियाने स्टुडिओ ड्रायव्हरमधून ही सोय जीफोर्सलाही दिली. हा ड्रायव्हर नव्या गेमच्या घाईत न काढता संपादनाच्या सॉफ्टवेअरवर तपासून काढला जातो आणि तो विनामूल्य आहे. रंगांच्या अंतिम तपासणीसाठी तर स्टुडिओंत चित्र एसडीआय केबलने वेगळ्या इनपुट-आउटपुट कार्डातून नेतात, त्यामुळे तिथे ग्राफिक्स कार्डाचा वर्ग गौण ठरतो.

वर्कस्टेशन कार्डाचे काही फायदे आजही टिकून आहेत. वरच्या श्रेणीत ईसीसी मेमरी असते. ती साठवणीतली चूक स्वतः दुरुस्त करते. गेमिंग कार्डांत ही सोय अपवादानेच मिळते. व्हिडिओत एखादा बिट चुकला, तर एका फ्रेममधला एक ठिपका बिघडेल, पण अभियांत्रिकीच्या गणितात तेवढ्याने उत्तरच बदलू शकते. कॅड सॉफ्टवेअरच्या कंपन्या ठरावीक कार्डे प्रमाणित करतात, म्हणून त्याच संगणकावर सॉलिडवर्क्ससारखे काम होणार असेल, तर प्रमाणपत्राला मोल आहे. एलईडी भिंतीसमोरच्या चित्रीकरणात अनेक संगणकांची चित्रे एका ठोक्यावर जुळवावी लागतात. त्यासाठीचे सिंक कार्ड वर्कस्टेशनच्या निवडक कार्डांनाच जोडता येते.

एकट्याने किंवा छोट्या चमूने काम करणाऱ्या बहुतेक संपादकांसाठी नव्या पिढीचे, १६ जीबी मेमरीचे गेमिंग कार्ड आणि स्टुडिओ ड्रायव्हर ही जोडी योग्य ठरते. वाचलेले पैसे वेगवान एनव्हीएमई डिस्क, पुरेशी रॅम आणि रंग नीट दाखवणारा मॉनिटर यांवर खर्च केले, तर कामात फरक लवकर जाणवतो. संगणकाचा वीजपुरवठा आणि पेटीतली जागा कार्डाला पुरेल की नाही, हे आधी पाहावे. वर्कस्टेशन कार्ड घ्यायचे ते मोठी मेमरी, कमी वीज, अनेक कार्डांची जोडणी, प्रमाणपत्र किंवा सिंक यांपैकी एखादी गरज नेमकी दाखवता आली तरच.