दवाखान्यातून सुटी झाल्यावर

पक्षाघाताचा, म्हणजे आपल्या बोलीत लकव्याचा रुग्ण अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून किंवा अमरावतीच्या इर्विनमधून आठ-पंधरा दिवसांत घरी येतो. सुटीच्या कागदावर रक्तदाबाच्या गोळ्या, व्यायाम आणि पुन्हा दाखवायची तारीख असते. त्याला संडासला कसे न्यायचे, कुशीवर कोण वळवणार, सारे घर सोयाबीन सोंगायला वावरात गेले की पाणी कोण पाजणार, हे त्यावर नसते. ते सुनेने नाही तर म्हाताऱ्या बायकोने पाहायचे, असे सगळ्यांनीच गृहीत धरलेले आहे.

कायद्याने मात्र हा भार एकट्या घरावर टाकलेला नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका यांच्यासाठी विषयांच्या याद्या दिल्या. त्यांत आरोग्य आणि स्वच्छतेबरोबर दिव्यांग व दुर्बल घटकांचे हितही आहे. इंग्लंडमध्ये प्रौढांची घरगुती काळजी ही स्थानिक कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी आहे आणि २०१३ पासून सार्वजनिक आरोग्याचे कामही तिच्याकडे आहे. आपल्याकडे तेवढे बंधन नाही. पण काहीच नाही असेही नाही.

आरोग्य दवाखान्याच्या बाहेर ठरते, हे वऱ्हाडाला वेगळे सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडी लावता येत नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ८४ खेडी योजनेचे पाणी चार दिवस उशिरा आले, की बायका सरपंचाला जाब विचारतात. नाली तुंबली, धुरळणी झाली नाही, तरी ओरड होते. पण 'माझा बाप सहा महिने अंथरुणाला खिळला आहे, पंचायत काय करते?' हा प्रश्न ग्रामसभेत सहसा कोणी विचारत नाही.

विचारायला आधार आहे. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू यांच्या आंदोलनांमुळे 'पाच टक्के निधी' हा शब्द आपल्या भागात बऱ्यापैकी रुळला आहे. मात्र तो जन्मापासून अपंग असलेल्यांसाठीच, असा समज आहे आणि तो चूक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. लकव्याने गेलेला हात-पाय त्यात येतो, पार्किन्सन येतो, मेळघाटात आढळणारा सिकलसेलही येतो. प्रकृती स्थिर झाल्यावर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते; बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. सत्तरीच्या म्हाताऱ्याला आता प्रमाणपत्र कशाला, असे म्हणून घरचे लोक टाळतात आणि तिथेच दार बंद होते. (संजय गांधी निराधारचे पैसे वेगळे. ते तहसीलमधून मिळतात, त्यासाठी सरपंचाशी भांडून उपयोग नाही.)

आता या निधीचा खरा अडसर. ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. समजा, एका गावात वर्षाला चार लाखांची वसुली झाली. पाच टक्क्यांचे वीस हजार होतात. गावात पंचवीस दिव्यांग असतील तर समान वाटपात प्रत्येकाला आठशे रुपये येतात. वाटप सोपे, फोटोही निघतो, पण आठशे रुपयांनी कोणाचेच दुखणे हलत नाही. त्याच वीस हजारांत दोन-तीन कमोड खुर्च्या, एक हवेची गादी, एखादा वॉकर पंचायतीत ठेवता येईल. ज्याच्या घरी गरज आहे त्याने न्यावे, काम झाले की परत आणावे. लग्नाची भांडी आपण गावात अशीच वापरतो.

कमोड खुर्ची ही बारीक गोष्ट वाटेल. स्वच्छ भारत अभियानात बारा हजारांच्या अनुदानातून घरोघरी संडास झाले, गाडगेबाबांच्या जिल्ह्याला ते शोभलेही. पण ते उकिडवे बसायचे संडास आहेत. खुब्याचे हाड मोडलेली किंवा गुडघे गेलेली आजी तिथे बसू शकत नाही. मग ती पाणीच कमी पिते, जेवण कमी करते. बद्धकोष्ठ होते, लघवीला जळजळ सुरू होते. रात्री भिंत धरत जाताना पडली तर दुसरा खुबा. भिंतीला एक लोखंडी दांडी आणि आत एक खुर्ची, एवढ्याने यातले बरेच टळते. हवेच्या गादीचेही तसेच. तिने बेडसोअरचा धोका कमी होतो, पण दर दोन तासांनी कूस बदलणे चुकत नाही. माकडहाडावर लाल चट्टा दिसला आणि दाबूनही तो फिका पडला नाही, तर उपकेंद्रात त्याच दिवशी कळवावे.

उपकेंद्राचे नाव इथे मुद्दाम घेतले. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राने द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि असाध्य आजारातली वेदनाशामक सेवा या दोन्ही आहेत. म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे गावातल्या अंथरुणाला खिळलेल्यांची यादी मागणे हा आगाऊपणा नव्हे. केरळने २००८ मध्ये असे धोरण केले आणि पंचायतींनी प्रशिक्षित परिचारिका घरोघरी पाठवल्या. तिथे पंचायतींच्या हाती पैसा जास्त आहे हे खरे. पण तिथेही सुरुवात यादीपासूनच होते.

शहरांत चित्र निराळे होते. अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकांचा कारभार राहिला. निधी तोच, नियम तेच. पण त्या काळात वॉर्डातल्या आजारी माणसाला नगरसेवकाचे दार उरले नव्हते. कर भरणाऱ्याने तरी विचारायचे होते कोणाला?

गावात विचारायची जागा ठरलेली आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी सहसा ग्रामसभा असते. प्रमाणपत्राची प्रत जोडून अर्ज द्यावा, त्यात 'पैसे नकोत, खुर्ची हवी' असे स्पष्ट लिहावे, आणि शिक्क्यासह पोच घ्यावी.