तळाशी राहणारा घोळका

मे महिन्यात विदर्भातल्या वणीत पारा पंचेचाळिशीला भिडतो आणि घरातल्या फिशटँकचं पाणीही तापतं. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. हे झेब्रा लोच या माशाला सोसत नाही. तो मूळचा सह्याद्रीतला, कृष्णा खोऱ्यातल्या वाहत्या पाण्याचा. नारायण राव यांनी १९२०मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज तो धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. तेव्हा हौस म्हणून उचलून आणावा असा हा मासा नव्हे.

पाळायचाच तर घोळक्यानं पाळा. एकटा ठेवला तर दगडाखाली दडून बसतो. सहा-आठ जण असले की पाठशिवणी, लटकी भांडणं सुरू होतात. तळाला बारीक वाळूच हवी. धारदार खडीने अन्न चाचपणाऱ्या मिशा झिजतात. डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो, म्हणून पकडायला वाटी बरी.

उन्हाळ्यात पाण्यावर टेबलफॅनचा वारा सोडावा. विदर्भाच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि टाकी माठासारखी निवते. मात्र वाफ उडते तेव्हा क्षार मागेच राहतात. बोअरचं जड पाणी ओतत राहिलात तर ते वाढतच जातात. भर घालायला आरओचं पाणी वापरा.