रूट ६६: गाव बदलणारी मालिका

जुन्या गाड्यांच्या शौकिनांसमोर ‘कॉर्व्हेट’चं नाव काढलं, की ‘रूट ६६’चा विषय निघतोच. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 1960 ते 1964 या काळात चाललेली ही मालिका. एकूण 116 भाग.

कथासूत्र साधंच. वडील गेल्यावर नायक टॉडच्या वाट्याला उरते ती फक्त एक कॉर्व्हेट. मित्र बझला घेऊन तो निघतो. दर भागात नवं गाव, नवं काम, नवी माणसं.

गंमत अशी, की हे गाव स्टुडिओत उभं केलेलं नसे. कलाकार-तंत्रज्ञांचा सगळा लवाजमा देशभर हिंडून प्रत्यक्ष ठिकाणी चित्रीकरण करी. लेखक स्टर्लिंग सिलिफंट अनेकदा त्या-त्या ठिकाणी जाऊन तिथल्या वातावरणावर कथा बेतत. पुढे 1967च्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं.

मालिका कृष्णधवल, त्यामुळे पडद्यावर रंग कळत नसत; पण पहिल्या पर्वातली गाडी फिकट निळी होती, पुढे ती बदामी झाली. कॉर्व्हेट बनवणारी शेव्हरोलेच प्रायोजक असल्याने दर पर्वात नवं मॉडेल यायचं. फिरस्त्या पोरांना ते परवडायचं कसं, हे कुणी विचारायचं नाही!

आणि हो, बहुतेक भाग मूळ रूट ६६ महामार्गापासून दूरच घडतात.

गाडी, कलाकार, संगीत, काहीही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.