वाकणारा पाइल

काँक्रीटची साधी तुळई वाकवून पाहायची असली की प्रयोगशाळेत आधी तिला चुन्याचा हात मारतात. पांढऱ्यावर केसाएवढी भेगही दिसते. विद्यार्थी स्केचपेनने ती गिरवतो आणि शेजारी तेव्हाचा भार लिहितो. नांदेडला पाहिलेल्या चाचणीत चुन्याचा उपयोग नव्हता. काचतंतू आणि रेझिनची नळी, आत भरलेले काँक्रीट. भेगा पडणार त्या नळीच्या पोटात.

हा पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत जाणारा खांब, रोलरवर आडवा ठेवला होता. लांबीचे तीन भाग करून वरून दोन ठिकाणी भार, म्हणजे मधल्या भागाला निव्वळ वाक मिळतो. चाचणी घेणाऱ्या सरांनी पंखा बंद करायला लावला. "आता बोलू नका रे." थोड्या वेळाने आतून बद्द आवाज आला. खालच्या बाजूचे काँक्रीट फाटले होते. बाक मोजणाऱ्या डायल गेजचा काटा भराभर पळू लागला. आता ताण नळीवर. तिचा तळ दुधाळ होत गेला, तंतू तुटल्याची टिकटिक दाटली आणि एका कडाडण्यात सारे संपले.

पोलादी सळई तुटण्याआधी चांगली लांबते, तेवढी सूचना मिळते. काचतंतू शेवटपर्यंत भार पेलतात आणि एकदम तुटतात. शिवाय अशा नळीची ताठरता पोलादाच्या पाव भागाहूनही कमी, त्यामुळे ताकद शिल्लक असतानाच बाक नको तितका वाढतो. तंतू नुसते आडवे गुंडाळले तर काँक्रीट छान आवळले जाते, पण वाकताना कामाला येतात ते लांबीच्या दिशेचे तंतू.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉटोवे नदीवरच्या पुलाला 2000 साली असे पाइल वापरले. नळी गंजत नाही, हा मोठा फायदा. आपल्या काळ्या मातीचे दुखणे वेगळे: पावसाळ्यात फुगणे, उन्हाळ्यात भेगाळणे. त्यावर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेचा अंडर-रीम्ड पाइल आहेच. दांड्याच्या अडीचपट रुंद फुगवट्यामुळे तो मातीबरोबर वर उचलला जात नाही. पण भूकंप पाइलला आडवा ढकलतो, म्हणजे वाकवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातली किल्लारी हादरली, तेव्हा भूकंपाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 च्या भूकंपविषयक मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला.

म्हणून लातूर-नांदेडकडे कुणी नवा पाइल घेऊन आला, तर कमाल भाराच्या आकड्यावर मी समाधान मानणार नाही. भार आणि बाक यांचा पूर्ण आलेख मागेन, अगदी तुटेपर्यंतचा.