घाव सोसणारे, साबणाला हरणारे

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरी, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांडांचा अभ्यास करत होत्या. १९९८च्या ऑगस्टमध्ये, केवळ तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी उंदरिणींच्या बीजांडांतच गोंधळ दिसू लागला. पेशी विभागताना गुणसूत्रे रांगेत न येण्याचे प्रमाण एरवी एक-दोन टक्के. ते एकदम ४० टक्क्यांवर गेले. शोध घेता घेता धागा पोचला धुण्याच्या जागेपर्यंत. एका बदली कामगाराने पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या फरशी धुण्याच्या जहाल, अल्कलीयुक्त साबणाने धुतल्या होत्या. पिंजरे पॉलिकार्बोनेटचे होते. साबणाने ते प्लास्टिक उकलले आणि त्यातला बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, उंदरांच्या पोटात गेला. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि एरवी कौतुकाचा विषय असलेल्या या प्लास्टिककडे लोक अधिकच संशयाने पाहू लागले.

कौतुक मात्र उगाच नव्हते. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मान श्नेल यांना आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांना हा पदार्थ स्वतंत्रपणे गवसला. फॉक्स शोधत होते तारेवरचे वेष्टन. काचपात्रातला रस घट्ट होत ढवळणीभोवतीच थिजला आणि तो गोळा काही केल्या फुटेना! पेटंटच्या शर्यतीत श्नेल थोडक्यात पुढे निघाले. बायरने आणलेले ‘मॅक्रोलॉन’ आणि जनरल इलेक्ट्रिकने आणलेले ‘लेक्सन’ ही नावे आजही बाजारात आहेत. चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमटही याचाच होता.

पॉलिकार्बोनेट म्हणजे बीपीएचे रेणू कार्बोनेटच्या बंधांनी जोडून केलेली लांबच लांब साखळी. बीपीएमधली कड्यांसारखी ताठ रचना उष्णतेला दाद देत नाही. सुमारे १४७ अंश सेल्सिअसपर्यंत वस्तू आकार सोडत नाही. साखळ्या स्फटिकासारख्या शिस्तीत न बसता गुंतून पडतात, म्हणून प्रकाश आरपार जातो. धक्का बसला की त्या थोड्या सरकतात, ताणतात आणि आघात जिरवतात. काच ते करू शकत नाही, ती तडकते. वजनही काचेच्या निम्मे. ‘काचेपेक्षा अडीचशेपट मजबूत’ हे जाहिरातीतले वाक्य मात्र जपून घ्यावे. चाचणी कोणती, जाडी किती आणि तुकड्यावर खाच होती का, यावर तो आकडा पार बदलतो.

म्हणून दंगलीतल्या पोलिसांची पारदर्शक ढाल, हेल्मेटची व्हायझर, कारखान्यातला गॉगल, लहान मुलांच्या चष्म्याची भिंगे आणि गाडीचा हेडलाइट या ठिकाणी हे प्लास्टिक लागते. १.२ मिलिमीटर जाडीची सीडीही याचीच. पृष्ठभाग मात्र नाजूक. ओरखडे पटकन पडतात, उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळेपणा येतो. म्हणून वरून कठीण लेप द्यावा लागतो. तो झिजला की जुन्या गाडीचे दिवे धुरकट होतात. टूथपेस्ट घासून ते उजळतात खरे, पण उरलासुरला लेपही त्यासोबत जातो. पेट्रोल किंवा थिनरने व्हायझर पुसणे तर शुद्ध आत्मघात. बारीक तडे जातात आणि अपघातात तीच व्हायझर फुटते.

खरी दुखरी जागा कार्बोनेटचा तो बंधच. पाणी, उष्णता आणि अल्कली एकत्र आली की तो तुटतो. मोल्डिंगच्या कारखान्यात विचारा. मशीनमध्ये घालण्यापूर्वी दाणे सुमारे १२० अंशांवर तीन-चार तास वाळवले नाहीत, तर वितळताना त्यातला ओलावाच साखळ्या तोडतो. मालावर चंदेरी रेघा उमटतात, आणि ती वस्तू ठिसूळ निघते. हंटबाईंच्या पिंजऱ्यांचे झाले ते याच जातीचे.

बीपीए स्त्रीसंप्रेरकासारखा वागतो, हे लंडनमध्ये १९३६ सालीच दिसले होते. प्लास्टिकच्या उत्साहात त्याकडे दुर्लक्ष झाले. पुढे युरोपने २०११ साली बाळांच्या बाटल्यांतून तो हद्दपार केला, अमेरिकेने २०१२ साली. आपल्याकडे २०१५च्या भारतीय मानकाने. किती बीपीए चालेल, यावर वाद अजून मिटलेला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली रोजची मर्यादा एकदम २०,००० पटींनी खाली आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंतून तो काढून टाकायचा नियम केला. अमेरिकेची अन्न-औषध संस्था अजून तितकी कडक नाही. ‘बीपीए-मुक्त’ असे लिहिलेल्या बाटलीत त्याचा भाऊबंद बिस्फेनॉल एस असू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

माझे मत स्पष्ट आहे. डोक्यावर, डोळ्यांवर, दिव्यावर हे प्लास्टिक बिनधास्त वापरावे. गरम पदार्थ आणि बाळाचे दूध त्यापासून लांब ठेवावे. कार्यालयात येणारा पाण्याचा वीस लिटरचा जार उलटा करून त्रिकोणातला आकडा पाहा. १ असेल तर तो पेट. ७ असेल तर पॉलिकार्बोनेट असण्याची शक्यता मोठी. मग एवढेच विचारा, की हा जार कशाने धुतला जातो आणि टेम्पोत किती वेळ उन्हात असतो.