काल रात्रीचा खेळ पुसू नका! जुन्या रेकॉर्डिंगमधून धंदा कसा उभा राहतो?



एक प्रश्न विचारतो. तुमच्या धंद्यात असा कोणता माल आहे, जो तुम्ही रोज तयार करता आणि रोज स्वतःच्या हातानं फेकून देता?

मागच्या मंडईत आपल्या गोरेगाव तालुक्यातल्या एका गावी नाटकाला गेलो होतो. साउंडवाल्या पोरानं मिक्सरवरून अख्खा खेळ रेकॉर्ड केला. मी विचारलं, "याचं पुढे काय करतोस?" तो म्हणाला, "कार्ड भरला का पुसून टाकतो जी."

बाजूला ऑर्गनवाले काका उभे होते. म्हणाले, "माझ्या जोडीचा तबलजी उन्हाळ्यात गेला सर. दहा वर्षं सोबत वाजवलं. त्याचा हात आता ऐकायला कुठंच नाही."

ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आजचा विषय हाच.

लंडनच्या एका बँडची गोष्ट

१९६९ साली लंडनमध्ये 'किंग क्रिमसन' नावाचा रॉक बँड सुरू झाला. प्रयोग करणारी मंडळी. स्टेजवर ऐनवेळी नवीन वाजवायचे, त्यामुळे आजचा कार्यक्रम कालच्यासारखा नसायचा. आपल्याकडे नाही का, नाटक तेच, पण वडसा भागात वेगळं रंगतं आणि आमगावला वेगळं? तसंच.

मग झालं काय, लोक चोरून रेकॉर्डिंग करू लागले आणि विकू लागले. वाजवणारे हे, पैसे दुसऱ्याच्या खिशात.

बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यानं १९९२ मध्ये डेव्हिड सिंगलटन या साथीदारासोबत 'डीजीएम' ही स्वतःची कंपनी काढली. नियम ठेवला की कामाचा हक्क कलाकाराकडेच राहील. त्याच वर्षी १९७३-७४ च्या कार्यक्रमांचा चार सीडींचा संच आला. १९९८ पासून क्लबच्या सभासदांना जुन्या कार्यक्रमांच्या सीडी मिळू लागल्या. पुढे मोठ्या पेट्या आल्या. २०१२ ची पेटी १५ डिस्कची. २०१४ ची 'स्टारलेस' नावाची पेटी २७ डिस्कची! त्यात बहुतेक १९७३-७४ चे कार्यक्रम. म्हणजे १९७४ मध्ये मोडलेल्या संचाचं काम ४० वर्षांनी नव्यानं विकलं गेलं.

यात एक गंमत बघा. प्रेक्षकांनी चोरून केलेली काही रेकॉर्डिंगही त्यांनी साफ करून पेटीत घातली, आणि हे मूळ रेकॉर्डिंग कसं आहे ते लिहूनच दिलं. आवाज कमी आहे, हे लपवलं नाही. खऱ्या चाहत्याला ती रात्र हवी असते. थोडी खरखर तो चालवून घेतो.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या 'ग्रेटफुल डेड' बँडचं. १९७२ च्या युरोप दौऱ्याचे सगळे २२ कार्यक्रम त्यांनी २०११ मध्ये ७३ डिस्कच्या पेटीत काढले. फक्त ७,२०० पेट्या. काही दिवसांतच बुकिंग फुल्ल! ऑर्डर आधी, माल नंतर.

आता आपल्याकडे या

आपली झाडीपट्टी रंगभूमी काही लहान नाही. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तुमचं नाट्य मंडळ असेल, दंडारीचा संच असेल, भजनी मंडळ असेल किंवा साउंडचा धंदा असेल, या हंगामात एवढं करा:

१. रेकॉर्डिंग सुरू होताच माइकवर गाव, तारीख, नाटकाचं नाव आणि कलाकारांची नावं बोला. नाव नसलेली फाइल म्हणजे लेबल नसलेला डबा.

२. तीन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. कार्ड पुसायचं ते त्यानंतरच.

३. आधी सही, मग विक्री. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क आहे. लेखकाची परवानगीही लागते. सिनेमाची गाणी वाजवली असतील, तर त्यांच्या मालकाची परवानगी घ्या, नाहीतर तो भाग काढून टाका. वाटणी किती, तेही त्याच कागदावर.

४. सगळं विकू नका. हंगामातले पाच चांगले खेळ निवडा. पेन ड्राइव्ह, फोटो आणि छोटी माहिती पुस्तिका एका डब्यात घाला.

हिशेब

समजा, एका डब्याला ३५० रुपये खर्च आला आणि तुम्ही तो ७०० ला विकला. १०० डबे गेले तर उरले ३५,००० रुपये. अर्धे कलाकारांना द्या, अर्धे पुढच्या हंगामाच्या रेकॉर्डिंगला ठेवा. पण १०० नावं आगाऊ रकमेसकट वहीत आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. ३० च नावं आली तर ३० च डबे करा. तेवढ्या मालाला खर्च किती पडतो ते विचारून भाव आधीच ठरवा.

यातून तुम्ही श्रीमंत व्हाल असं मी सांगणार नाही. पहिल्या वर्षी कदाचित खर्चच निघेल. पण माल तुमच्याकडे राहील, आणि हा माल जुना झाला की त्याची किंमत वाढते.

त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. कार्ड अजून पुसलं नव्हतं. मग त्याला मागच्या वर्षीचं जुनं कार्डही शोधायला लावलं. त्यावर एक खेळ अर्धवट सापडला, सुमारे चाळीस मिनिटांचा. तबला काकांच्या जोडीदाराचाच होता.

काकांनी तो दोनदा ऐकला. मग विचारलं, "याची एक प्रत त्याच्या घरी देता येईल का?"

आज घरी गेल्यावर तुमचं जुनं कार्ड शोधा. पुसण्याआधी एकदा ऐका.