स्तनाच्या गाठीचा स्वभाव : भाग 4

मागच्या आठवड्यात बायोप्सी कशी करतात ते पाहिलं. त्यावर सानपाड्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : घरातल्या दोघी जावांना वर्षभराच्या अंतराने स्तनाचा कर्करोग निघाला. दोघींची गाठ दोन सेंटीमीटरच्या आसपास. थोरलीची शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं आणि आता रोजची एक गोळी. धाकटीला मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच केमोथेरपी. धाकटीचा आजार जास्त पसरलाय आणि डॉक्टर ते सांगत नाहीत, असं तर नाही ना?

तसं असायचं कारण नाही. याचं उत्तर बहुधा पॅथॉलॉजी रिपोर्टच्या शेवटच्या चार ओळींत सापडेल : ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-67. गाठ केवढी आहे, काखेतल्या गाठींपर्यंत पोचली का, हे ‘स्टेज’ सांगते. गाठीचा स्वभाव कसा आहे, ती कशाच्या जोरावर वाढते, हे या चार ओळी सांगतात. उपचार ठरवताना दोन्ही लागतात, आणि घरची मंडळी सहसा फक्त स्टेज विचारतात.

स्वभावाचा अंदाज जुनाच आहे. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी बीजांडकोश काढल्यावर स्तनाची गाठ आक्रसते, हे 1896 साली प्रसिद्ध केलं. म्हणजे काही गाठी स्त्री-संप्रेरकांवर पोसतात. ईआर आणि पीआर ही त्याच संप्रेरकांची, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची, पेशीतली ग्राहक प्रथिनं. खरी उलथापालथ मात्र 2000 साली झाली. चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी 42 जणांच्या गाठींमधली हजारो जनुकं एकाच वेळी तपासली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या भासणाऱ्या गाठींचे वेगवेगळे गट पडलेले दिसले. ल्युमिनल, हर-टूचं प्राबल्य असलेला आणि बेसल ही नावं तेव्हापासून रुळली. ल्युमिनलचे ए आणि बी हे भाग त्यानंतर लगेच पडले. प्रत्येक रुग्णाची हजारो जनुकं तपासणं परवडत नाही, म्हणून रोजच्या व्यवहारात चार प्रथिनांना रंग देऊन गट ओळखतात. हा अंदाज आहे, पण उपचारासाठी बराच विश्वासार्ह अंदाज.

ल्युमिनल ए सर्वांत सौम्य. ईआर ठळक, हर-टू नाही, केआय-67 कमी, म्हणजे विभागणाऱ्या पेशी थोड्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी अजून नलिका रचताना दिसतात, केंद्रकं फारशी बेढब नसतात, पेशी किती बिघडल्या हे सांगणारी ग्रेड बहुधा 1 किंवा 2. इथे संप्रेरकं अडवणाऱ्या गोळ्या मुख्य काम करतात, अनेकींना केमोची गरजच पडत नाही. ल्युमिनल बी त्याच घराण्यातला, पण वेगाने वाढणारा. या दोघांमधली रेघ केआय-67 वर आखतात, आणि ती रेघ मला डळमळीत वाटते. तज्ज्ञांच्या सेंट गॅलन परिषदेने 2011 मध्ये 14 टक्के ही मर्यादा धरली, दोन वर्षांनी 20 टक्क्यांचा विचार पुढे आला. एकच स्लाइड दोन प्रयोगशाळांत वेगळा आकडा देऊ शकते. तेव्हा 18 की 22 यावर घरात झोप उडवून घेऊ नये.

हर-टू हे पेशीला वाढायला लावणारं प्रथिन. ते जास्त असलेल्या गाठी 1998 पर्यंत भीतिदायक होत्या. त्या वर्षी हर-टूला अडवणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. रिपोर्टमध्ये 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 2+ म्हणजे निर्णय अर्धवट, ‘फिश’ नावाची जनुक-तपासणी करायलाच हवी. ती न करता 2+ वर थांबलेला रिपोर्ट अपुरा समजावा.

ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्ही ओळी निगेटिव्ह आल्या की ट्रिपल निगेटिव्ह. यातल्या बहुतेक गाठी बेसल गटात बसतात. ग्रेड 3, नलिका जवळपास नाहीत, विभागणाऱ्या पेशी पुष्कळ, मधोमध मृत पेशींचे पट्टे, आणि कडेला लिम्फोसाइट या संरक्षक पेशींची गर्दी. ही गर्दी शुभचिन्ह आहे. ती जास्त असेल तर केमोला प्रतिसाद चांगला मिळतो. केमो आधी देण्याचं कारणही हेच : गाठ विरघळते का ते डोळ्यांसमोर कळतं आणि पुढचं औषध त्यावरून ठरवता येतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या चाचणीत कार्बोप्लॅटिन हे तुलनेने स्वस्त औषध जोडल्याचा फायदा 50 वर्षांपर्यंतच्या स्त्रियांना झाला, हे 2022 मध्ये जाहीर झालं. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पाश्चात्त्य देशांत ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण 10 ते 15 टक्के धरतात, भारतीय अभ्यासांत ते 30 टक्क्यांच्या आसपास येतं.

यातले सगळे खरेच ट्रिपल निगेटिव्ह असतात का, ही शंका पॅथॉलॉजिस्टच घेतात. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, मोठी असेल तर काप देऊन, आणि तिथे किमान 6, जास्तीत जास्त 72 तास राहायला हवी. मासळी बर्फावर उशिरा घातली की जसं होतं तसं इथेही होतं : ईआर प्रथिन नासतं, रंग चढत नाही, आणि गोळीने आटोक्यात राहिली असती अशी गाठ ‘निगेटिव्ह’ ठरते. याची खूण स्लाइडमध्येच असते. शेजारच्या निरोगी नलिकांना ईआरचा रंग चढला असेल तर तपासणी नीट झाली. त्यांनाही चढला नसेल तर ती पुन्हा करायला हवी.

गाठींच्या अशा अभ्यासाचा एक जुना धागा सानपाड्याच्या जवळच सापडतो : तिथून पनवेल लोकलने पाचवं स्टेशन खारघर. तिथल्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग केंद्रात परळची जुनी कर्करोग संशोधन संस्था सामावली आहे. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत खानोलकर त्या संस्थेचे पहिले संचालक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच.डी. झालेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाचं आनुवंशिकतेशी आणि संप्रेरकांशी असलेलं नातं शोधलं. गाठींची रेणवीय वर्गवारी जन्मायच्या कितीतरी आधीचं हे काम. 1973 मध्ये त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटनेची वास्तू सानपाड्याला लागून असलेल्या वाशीतच आहे. त्या वास्तूवरून रोज जाणाऱ्यांना कमल रणदिवे हे नाव ठाऊक असावं, असं मनापासून वाटतं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आणि इतर सर्वांना एक विनंती. गाठ काढण्याआधीच सर्जनना विचारा की ती लगेच फॉर्मॅलिनमध्ये जाईल ना. रिपोर्टबरोबर गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही, ब्लॉक लागतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. ट्रिपल निगेटिव्ह निघालं असेल तर बीआरसीए जनुकांच्या तपासणीबद्दलही विचारा. पुढचा लेख त्यावरच आहे.